पोंग्यातलं पान आणि तीन अक्षरं

मक्याचा पोंगा हलक्या हाताने उकलला तर आत एकात एक गुंडाळलेली पानं दिसतात, आत जावं तशी फिकट होत गेलेली. सगळ्यात आतलं जवळजवळ पांढरं. पान टोकाकडून वाढत असेल असं आपल्याला वाटतं, कारण पुढे सरकताना दिसतं ते टोकच. पण टोकाचं वाढणं केव्हाच संपलेलं असतं. खरी वाढ चालते बुडाशी, पोंग्याच्या आत, काही सेंटिमीटरच्या पट्ट्यात. तिथे पेशी दुभंगतात, लांबतात आणि वरच्या सगळ्या पानाला ढकलत राहतात. फ्रान्समधल्या माँपेलिए इथल्या मॅथ्यू रेमों, फ्रांस्वा तार्द्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली ‘प्लांट फिजिऑलॉजी’ या नियतकालिकात या चिंचोळ्या पट्ट्याविषयी एक शोधनिबंध लिहिला. पीकवाढीचं गणित आणि आनुवंशिकी यांची सांगड घालायचे प्रयत्न त्याआधीही झाले होते, नंतर तर पुष्कळ झाले. माझं मन मात्र या निबंधाशी, आणि त्यातही त्यातल्या एका समीकरणाशी घुटमळतं. ते सावकाश वाचावं असं आहे.

आधी पेच समजून घ्यायला हवा. नवा वाण काढणाऱ्या पैदासकाराचं दुखणं जुनंच आहे: एका गावच्या चाचणीत पहिला आलेला वाण दुसऱ्या गावी मागे पडतो, आणि त्याच गावी पुढच्या साली क्रम उलटतो. या दुखण्यावर दोन वैद्य होते आणि दोघांच्या वाटा वेगळ्या. पीकशरीराचा अभ्यासक प्रारूप मांडायचा. ऊन, पाऊस, माती यांचे आकडे घातले की एखादा वाण कुठेही कसा वाढेल हे ते प्रारूप सांगायचं, पण तो एकच वाण. आनुवंशिकीचा अभ्यासक शेकडो वाणांविषयी बोलायचा, पण जिथे चाचणी झाली त्या चार-दोन ठिकाणांपुरतंच. पीकप्रारूपांमध्ये ‘जनुकीय गुणांक’ नावाचे आकडे असायचे खरे. फुलोऱ्याला किती उष्णता लागते, दाणा रोज किती भरतो, असे. नाव जनुकीय, पण त्यात जनुक एकही नसे. वाण शेतात लावून, आकडे खालीवर करून ते बसवले जात. १९९६ मध्ये जेफ्री व्हाइट आणि गेरिट हूगेनबूम यांनी घेवड्याच्या प्रारूपात हे गुणांक सात जनुकांवरून काढून दाखवले, तेव्हा या नावाला पहिल्यांदा अर्थ आला. माँपेलिएच्या मंडळींनी पुढचं पाऊल टाकलं ते फार छोट्या जागेत. अख्खं पीक बाजूला ठेवून त्यांनी एकच पान घेतलं.

समीकरण मराठीत उतरवलं तर असं वाचता येईल (चिन्हं वाचायला सोपी जावीत म्हणून मी जरा बदलून घेतली आहेत):

पान लांबण्याचा वेग = (तापमान − किमान तापमान) × (अ − ब × हवेची तहान − क × मातीची ओढ)

पहिला कंस बघा. किमान तापमान मक्यासाठी १० अंशांच्या आसपास येतं. त्याच्या खाली पान लांबत नाही. त्याच्या वर जितके अंश, तितका वेग. म्हणजे घड्याळाचे तास पुसून त्यांच्या जागी उष्णतेचे तास आले. ही कल्पना फ्रान्सचीच आणि फार जुनी. रेओम्युरने १७३५ साली रोजच्या तापमानांची बेरीज करून पीक तयार होण्याचा काळ ताडून पाहिला होता. इथली नजाकत मात्र तापमान कुठलं, यात आहे. हवेचं तापमान घेऊन चाललं नसतं. रोप लहान असताना वाढीचा कोंब जमिनीलगत असतो. वर हवा तापली तरी तिथे मातीचा गारवा असतो. म्हणून मोजलं ते कोंबाचं तापमान, पोंग्यातल्या त्या पट्ट्याला जे खरोखर जाणवतं ते. दुसरी नजाकत गुणाकाराच्या चिन्हात. उष्णता इतर घटकांच्या रांगेत बेरजेला उभी नाही, ती सगळ्यांना बाहेरून गुणते. गारठ्याच्या रात्री माती कितीही ओली असो आणि वाण कितीही जोमदार असो, पहिला कंस शून्यावर आला की सगळंच थांबतं. तबल्याचा ठेका थांबल्यावर बंदिश पुढे सरकत नाही, तसं. उष्णतेला तिची नेमकी जागा देण्याचं हे भान मला या ओळीतलं पहिलं सौंदर्य वाटतं.

आता दुसऱ्या कंसातली तीन अक्षरं. ती वेगळी काढणं दिसतं तितकं सोपं नाही. शेतात ऊन, कोरडी हवा आणि तहानलेली माती बहुधा हातात हात घालूनच येतात. दुपारी पान मंदावलं तर दोष कोणाला द्यायचा? इथे प्रयोगाची जी मांडणी झाली, ती मला या सगळ्या कामातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

‘अ’ हे अक्षर मोजलं रात्री, पाणी भरपूर दिलेल्या रोपांवर. रात्री पर्णरंध्रं मिटलेली, हवा दमट, त्यामुळे पानातून पाणी जवळजवळ उडतच नाही. माती ओली. दोन्ही अडचणी गळून पडल्या की उरते ती वाणाची निखळ वाढ, दर अंशाला इतके मिलिमीटर. अंधाराचा उपयोग इथे एखाद्या उपकरणासारखा झाला आहे.

‘ब’ मोजलं दिवसा, पुन्हा भरपूर पाणी दिलेल्या रोपांवर. माती ओलीच असल्यामुळे आता पान मंदावलं तर कारण एकच: हवेची तहान. शास्त्रात तिला बाष्पदाबाची तूट म्हणतात. पानाच्या आतली ओल आणि बाहेरच्या हवेतली ओल यांतला फरक. मुळाशी पाणी तुंबलेलं असतानाही मक्याचं पान भर दुपारी हळू वाढतं, कारण वरून हवा पाणी खेचत असते आणि वाढणाऱ्या पेशींना ताणून धरायला लागणारा दाब कमी पडतो. पाणी दिलं की ताण गेला असं धरून चालणाऱ्याच्या हातून ही गोष्ट निसटते. ‘ब’ला स्वतंत्र अक्षर देऊन या अभ्यासकांनी ती पकडून ठेवली.

‘क’साठी पुन्हा रात्र, पण या वेळी माती सुकत चाललेली. हवेची तहान नाही, म्हणून जी मंदगती दिसेल ती मातीनेच आणलेली. माती पाणी किती घट्ट धरून बसली आहे, हे त्यांनी पहाटे रोपालाच विचारलं. रात्रभर पाणी न उडाल्यामुळे पहाटेपर्यंत पान आणि माती समतोलाला आलेली असतात. त्या वेळी पानातल्या पाण्याची ओढ मोजली की मुळांभोवतालच्या मातीची ओढ कळते. एक रात्र, एक दिवस, पुन्हा एक रात्र. निसर्गात गुंतलेले तीन धागे नुसत्या वेळा निवडून सोडवले.

मोजण्याची रीतही सुरेख आहे. पानाच्या टोकाला दोरा, दोरा कप्पीवरून नेलेला, दुसऱ्या टोकाला हलकं वजन. पान लांबलं की कप्पी किंचित फिरते आणि ते फिरणं नोंदलं जातं. रहाटाचं तत्त्व, पण इतकं तलम की मिनिटांच्या हिशेबात पानाची वाढ दिसावी.

हे सारं १०० वाणांवर, सहा प्रयोगांत, काही शेतात आणि काही काचगृहात झालं. तिन्ही प्रतिसाद सरळ रेषेत आले आणि एका वाणाची रेषा प्रयोग बदलला तरी तीच राहिली. हे वाक्य पटकन वाचून पुढे जाऊ नये. पानाची लांबी शेतात एक येईल, काचगृहात दुसरी. थंडीत एक, उन्हाळ्यात दुसरी. रेषेचा उतार मात्र हलत नाही. लांबी हा त्या-त्या हंगामाचा प्रसंग आहे, उतार हा वाणाचा स्वभाव. पैदासकाराला वारशाने पुढे न्यायचं असतं ते स्वभावातलंच काहीतरी, आणि ते धरता येईल असा आकडा इथे त्याच्या हाती आला.

म्हणूनच पुढची उडी मारता आली. ते १०० वाण एकाच संकरातले. दोन जनकांचा संकर करून, पुढे पिढ्यान् पिढ्या स्वफलन करत प्रत्येक वंश स्थिर केलेला. प्रत्येकात दोन्ही जनकांच्या गुणसूत्रांचे तुकडे वेगवेगळ्या प्रकारे मिसळलेले, गोधडीत दोन लुगड्यांचे तुकडे यावेत तसे. कुठला तुकडा कोणाकडून आला हे खुणांवरून कळतं. मग कुठल्या ठिकाणचा तुकडा बदलला की गुण बदलतो ते शोधायचं. अशा ठिकाणांना ‘क्यूटीएल’ म्हणतात. एरवी हा शोध उत्पन्नासाठी, उंचीसाठी, पानाच्या लांबीसाठी होतो. इथे तो अ, ब, क या उतारांसाठी झाला. आणि बहुतेक ठिकाणं एकेकाच अक्षराची निघाली. हवेच्या तहानेला दबणं एका जागी, मातीच्या ओढीला दबणं दुसरीकडे. माणसाने कागदावर पाडलेले भाग गुणसूत्रावरही वेगळे निघावेत, यापरतं समीकरणाला मिळणारं प्रमाणपत्र ते कुठलं! त्यातही एक बारीक कलाकुसर: खोडातून वर चढणाऱ्या रसात अ‍ॅबसिसिक आम्लाचं प्रमाण ठरवणारी ठिकाणं ‘क’च्या ठिकाणांशी जुळली. मुळांना कोरड लागली की हे संप्रेरक वर जातं. ते ‘अ’पाशी किंवा ‘ब’पाशी न भेटता ‘क’पाशी भेटलं, याचा आनंद वनस्पतीशास्त्राची गोडी असलेल्या कोणालाही व्हावा.

आणि मग कसोटी. प्रत्येक अक्षर म्हणजे त्याच्या ठिकाणांच्या परिणामांची बेरीज, असं मांडून त्यांनी ११ नवे वंश घेतले. यांचा रेषा काढण्यात काहीच वाटा नव्हता. दोन्ही जनकही घेतले. या तेरा जणांच्या गुणसूत्रांवरच्या खुणा वाचून त्यांची अ, ब, क काढली, त्यांना नव्या वाढकक्षात ठेवलं आणि पान किती वेगाने लांबेल ते आधी सांगितलं. नंतर मोजलं. वेगातली ७४ टक्के विविधता भाकितात आली होती. पूर्वी कधी न मोजलेली रोपं, नवी परिस्थिती, हाती फक्त खुणांची यादी आणि हवामानाची नोंद; त्यावरून पोंग्यातल्या पानाची चाल सांगितली गेली. दोन वैद्यांच्या वाटा जिथे मिळाल्या ती ही जागा.

पान म्हणजे पीक नव्हे, ही शंका रास्त आहे. तिचं उत्तर करीन शनू, ग्रॅम हॅमर, तार्द्यू आणि इतरांनी २००९ मध्ये दिलं. पानाचं हे समीकरण त्यांनी एप्सिम या पीकप्रारूपात बसवलं. एप्सिम ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आकाराला आलं. माती, पाऊस, ऊन आणि पीक यांचा रोजचा जमाखर्च ते मांडतं. आता पानाचा वेग बदलला की सावली बदलते, सावली बदलली की पकडलेलं ऊन बदलतं, त्यासोबत खर्च होणारं पाणी, आणि फुलोऱ्यापर्यंत मातीत शिल्लक राहिलेलं पाणी. त्यात आणखी एक नातं विणलेलं होतं. कोरड पडली की मक्याच्या कणसाचे केस उशिरा बाहेर येतात, तुऱ्यातला पराग तोवर झडून जातो. आणि केसांच्या या उशिरामागची काही ठिकाणं पानाच्या वाढीच्या ठिकाणांशी जुळतात असं आधीच्या अभ्यासात दिसलं होतं. प्रारूप चालवल्यावर एकाच ठिकाणचा एकच पर्याय काही प्रकारच्या दुष्काळात उत्पन्न वाढवताना आणि दुसऱ्या प्रकारच्या दुष्काळात घटवताना दिसला. पान वेगाने पसरवणारा तुकडा पाणी असेल तिथे लाभाचा, हंगामाच्या शेवटी पाणी आटेल तिथे तोट्याचा. वाणांचे क्रम गावोगावी का उलटतात, हे कोडं इथे कोडं राहत नाही. ते पाण्याच्या हिशेबातून आपोआप उलगडतं. त्यासाठी समीकरणात गावाचं नाव घालावं लागत नाही, हे मला विशेष भावतं.

यापुढची एक पायरी मी जरा लवकर उतरतो. प्रत्येक रोपाला दोरा बांधणं हजारो वाणांसाठी अशक्य. २०१५ मध्ये फ्रँक टेक्नो, कार्लोस मेसिना, रादू टोटिर आणि मार्क कूपर यांनी ‘प्लॉस वन’मध्ये उलटी वाट दाखवली. जनुकसंचभर पसरलेल्या खुणांना अंदाजाने वजनं द्यायची. त्यांवरून पानांची संख्या, सर्वांत मोठ्या पानाचं क्षेत्र, उन्हाचं वस्तुमानात रूपांतर करण्याची कुवत आणि पक्व होईपर्यंत लागणारी उष्णता असे गुण काढायचे. ते पीकप्रारूपाला देऊन उत्पन्न काढायचं. आणि शेतातल्या उत्पन्नाशी जवळ येतील ते अंदाज ठेवून बाकीचे टाकून द्यायचे. हे लाखो वेळा. शेतकऱ्याच्या घरी सूप चालतं तसं: पाखडत राहिलं की वजनदार दाणे मागे राहतात. त्यांनी संगणकावर रचलेल्या आकड्यांवर हे करून दाखवलं आणि न पाहिलेल्या हंगामाचं भाकीत करताना ते रूढ पद्धतीहून सरस ठरलं. पुढच्या वर्षी मक्याच्या प्रत्यक्ष चाचण्यांवरही ही रीत वापरली गेली. व्यवहारात हीच वाट रुंद होत जाणार. इथे ‘अ’ कुणी रात्री जागून मोजत नाही, तो मागच्या दाराने येतो. माझी ओढ दोऱ्याकडे आणि कप्पीकडे थोडी अधिक असली, तरी या पाखडणीतली हुशारी मोठी आहे.

आणि आता आपल्या काळ्या रानात येऊ, कारण या विद्येचा एक फार सुंदर आविष्कार रब्बी ज्वारीवर झाला आहे. सोलापूर, मंगळवेढ्याकडे ही ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात. पाऊस संपलेला किंवा संपत आलेला. पीक वाढतं ते खोल काळ्या मातीने धरून ठेवलेल्या ओलीवर. पुढे ढग येतील न येतील, जमाखात्यात जे आहे तेवढंच. या रानाची राणी म्हणजे मालदांडी. १९३० च्या दशकात मोहोळच्या केंद्रावर स्थानिक मालदांडीतून निवडलेली एम ३५-१ अजून पेरली जाते, तिच्या मोत्यासारख्या दाण्यासाठी आणि जनावरं आवडीने खातात त्या कडब्यासाठी.

हैदराबादजवळच्या पाटणचेरू इथल्या इक्रिसॅटमधल्या याना खोलोवा, व्हॅन्साँ वादेझ आणि त्यांच्यासोबत क्वीन्सलँडचे हॅमर यांनी आधी रब्बी ज्वारीच्या पट्ट्यात दुष्काळ किती प्रकारचा पडतो आणि कुठे किती वेळा पडतो, याची मांडणी केली. मग २०१४ मध्ये या रानात सर्वाधिक पेरल्या जाणाऱ्या त्या वाणातच, संगणकावर, एकेक गुण बदलून पाहिला. कधी पानांचा पसारा लहान केला, कधी मुळांची पाणी ओढण्याची ताकद वाढवली, कधी हवेची तहान फार वाढली की पर्णरंध्रं आवरती घेणारं रोप केलं. शेतात असा एक वाण घडवायला दहा-बारा वर्षं लागतात. इथे प्रत्येक गुण एकटा, बाकी मालदांडी जशीच्या तशी ठेवून, अनेक हंगामांच्या हवामानात वाढवून पाहता आला.

निकालांत आपल्या जुन्या अक्षरांची भावकी ओळखू येते. सर्वाधिक लाभ झाला तो भर दुपारच्या कोरड्या हवेत पाणी आवरतं घेण्याचा, विशेषतः मुळांची ताकद सोबत असताना. हा ‘ब’च्या कुळातला गुण. सुकत्या मातीला पानवाढीने दिलेला प्रतिसाद, म्हणजे ‘क’चं कूळ, बदलून फारसं काही हाती लागलं नाही. वरवर पाहता उलट वाटावं. कोरडवाहू पिकाला मातीचाच तर ताण. पण विचार केला की पटतं: माती सुकल्यावर आवरतं घेण्यात उशीर झालेला असतो. माती अजून ओली असताना, कार्तिकातल्या कोरड्या दुपारी जे पाणी उडू दिलं नाही, तेच दाणा भरताना कामी येतं. दुष्काळ जितका कडक, तितका दाण्याचा आधार फुलोऱ्यानंतर शिल्लक असलेल्या पाण्यावर, असं प्रारूपाच्या आकड्यांतून स्वच्छ दिसलं. पानांचा पसारा लहान केला तर कडक दुष्काळात दाणा वाढला, पण सौम्य सालात कडबा घटला. कडब्याचा रकाना दाण्याच्या शेजारी ठेवलेला पाहून मला फार समाधान वाटलं. गोठ्यात बैल असलेल्या घराचा हिशेब त्यात धरला आहे.

शेवटची कलाकुसर सर्वांत हळुवार आहे. फुलोऱ्यानंतरही हिरव्या राहणाऱ्या ज्वारीला शास्त्रज्ञ ‘स्टे-ग्रीन’ म्हणतात, आणि हिरवं राहणं हा जणू एक वेगळाच गुण असल्यासारखी त्याची जनुकं शोधण्यात कित्येक वर्षं गेली. खोलोवांच्या प्रारूपात हिरवं राहा अशी आज्ञा कुठेच लिहिलेली नव्हती. बदललेले गुण वेगवेगळे होते, कुणी पानांचे, कुणी मुळांचे, कुणी रंध्रांचे. प्रत्येकाने फुलोऱ्यानंतरच्या मातीत थोडं पाणी राखलं, आणि प्रत्येक वेळी पानं उशिरा वाळली. दाणा हुरड्याकडे झुकत असताना, खाली जमीन भेगाळलेली असताना, आकड्यांच्या रकान्यात हिरव्या पानाची रेघ सावकाश उतरत राहिली.